गुप्त मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र

"गुप्त संघटना होती म्हणता, मग तिचं नोंदणी प्रमाणपत्र जोडा."

खिडकीपलीकडच्या नरसिंग कारकुनानं हे वाक्य इतक्या सरळ चेहऱ्यानं उच्चारलं, की आदिनाथरावांना क्षणभर वाटलं, ते प्रमाणपत्र आपण घरी टेबलावर विसरूनच आलो की काय. मग भानावर येऊन ते म्हणाले, "साहेब, संघटना निजामाविरुद्ध होती. नोंदणी कोणाकडं करणार? निजामाकडं?"

"ते मला सांगू नका. इथं रकाना हाय. रकाना सात." नरसिंगनं अर्जावर बोट ठेवलं. "रकाना आठ, पदाधिकाऱ्यांची यादी. रकाना नऊ, बैठकीचा फोटो."

"गुप्त बैठकीचा फोटो?"

"पासपोर्ट साइज चालंल."

आदिनाथरावांना हे झोंबलं ते वेगळ्याच कारणानं. नांदेडला रेल्वेच्या कचेरीत चौतीस वर्षं ते स्वतः अशाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. जोडपत्र ब नाही म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या साडूचा अर्ज परत केला होता, आणि त्यानंतर तीन वर्षं साडूच्या घरच्या कार्यात त्यांना पहिल्या पंगतीला कोणी बसवलं नव्हतं. असा माणूस आता हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उन्हात उभा होता, आणि आतला माणूस तेच काम त्यांच्यापेक्षा चांगलं करत होता.

प्रकरण सुरू झालं होतं वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून. मराठवाडा मुक्तिसंग्रामात भाग घेऊनही ज्यांची नावं कुठंच आली नाहीत, त्यांचे गाववार फलक येत्या सतरा सप्टेंबरला लावायचे आहेत, तरी नातेवाइकांनी अर्ज करावेत, अशी सूचना होती. आदिनाथरावांनी ती सवयीप्रमाणं घरभर ऐकू जाईल अशी वाचली. हॉलमध्ये खाली बसून शेंगा फोडत असलेली त्यांची आत्या केवळाबाई, वय वर्षं ब्याण्णव, मान वर न करता म्हणाली, "आमचं बी मंडळ होतं."

"कसलं मंडळ?"

आत्यानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि पुढं दोन महिने त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

आदिनाथरावांच्या डोक्यात मात्र त्या दिवसापासून दुसरं काही राहिलं नाही. बिलोलीकडच्या त्यांच्या गावातल्या शाळेसमोर काळ्या दगडाचा फलक लागणार, त्यावर आत्याचं नाव कोरलेलं असणार, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत उघडला जाणार. ब्याण्णव वर्षांच्या माणसाच्या बाबतीत पुढच्या वर्षी बघू म्हणता येत नाही. आत्याचं लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पांढरं झालं, मूल ना बाळ, भावाच्या घरी राबली आणि गेली सत्तावीस वर्षं भाच्याच्या फ्लॅटमध्ये कोणालाही जड न होता राहिली. हिचं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुठंही लागलेलं नव्हतं. आदिनाथरावांना याचं मनापासून वाईट वाटायचं. फलकाशेजारी आपला शाल-श्रीफळासह फोटो निघेल, हेही त्यांना वाटायचं, पण ते दुसऱ्या क्रमांकावर.

पुरावा एकच होता. आत्याच्या डाव्या मनगटावरचं गोंदण. तुळस, विंचू, सीतेची न्हाणी हे सगळ्या बायांना असायचं तसं होतंच, पण त्या गर्दीत एक आगळं चिन्ह होतं: एक वाटोळं, आणि त्याची एक कड तोडून काढावी तशी गायब. बस्स. आदिनाथरावांनी लहानपणापासून ते पाहिलं होतं आणि गोंदणाऱ्या बाईचा हात चुकला असेल असं समजून सोडून दिलं होतं.

त्या चिन्हाचा फोटो घेऊन ते उदगीरला प्राध्यापक महांतेश यांच्याकडे गेले. महांतेश सर शिकवायचे वाणिज्य, पण त्यांचा जीव होता गूढ चिन्हांत. त्यांचं स्वतःचं यूट्यूब चॅनल होतं आणि त्याला चारशे सोळा सभासद होते, त्यातले काही परदेशी. त्यांनी भिंगातून फोटो पाहिला, उठून दाराला कडी घातली आणि विचारलं, "हे तुम्ही अजून कोणाला दाखवलंत?"

"सगळ्यांनाच," आदिनाथराव प्रामाणिकपणे म्हणाले. ते बसमध्ये शेजारच्या प्रवाशालासुद्धा दाखवून झालं होतं.

महांतेश सरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी दोन तास समजावून सांगितलं. वाटोळं म्हणजे सूर्य. तुटलेली कड म्हणजे ग्रहण. ग्रहण म्हणजे आसफजाही सत्तेचा अंत. असंच चिन्ह उदगीरच्या किल्ल्यातल्या एका दगडावर आहे, इटलीतल्या एका मंडळाच्या अंगठीवर आहे, आणि, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला, आपल्या जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्यावरही जवळजवळ आहे. असल्या मंडळांचा एक नियम सगळीकडे सारखाच असतो. शपथ घेतलेला सभासद परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो शब्द काय असावा हे सरांनी गणित करून काढून दिलं. तीन टकटकी, मग 'सूर्य सुटला'.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथरावांनी घोंगडी पांघरली आणि आत्या आंघोळीला गेल्यावर न्हाणीच्या दारावर तीनदा टकटक केली.

"आतमंदी मी हाय! थांब की जरा!"

"आत्या," आदिनाथराव दाराला तोंड लावून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सूर्य सुटला."

मग आत्याचा आवाज आला, पण तो त्यांच्यासाठी नव्हता. "दीपमाला! अगं ये दीपमाला! ह्याला बघ गं काय झालं! सकाळच्या पारी बरळून राहिला हा!"

त्यांची बायको दीपमाला कणकेच्या हातानं धावत आली, ऐन श्रावणाच्या उकाड्यात घोंगडी पांघरलेल्या नवऱ्याकडं तिनं एकवार पाहिलं आणि मीठ-मोहरी आणायला परत गेली. दृष्ट काढून घेताना माणसाची मान खालीच असते, त्यामुळं आदिनाथरावांचा चेहरा कोणाला दिसला नाही हे बरं झालं.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. पण आदिनाथरावांचं पोट म्हणजे चाळणी. आठवड्याभरात सगळ्या कॉलनीला गुप्त मंडळ तोंडपाठ झालं आणि सल्ले सुरू झाले. आत्याला गावच्या देवीपुढं उभं करा. झोपेत विचारा. गोड खायला घालून विचारा. खालच्या मजल्यावरचे आनंदराज, जे कचेरीत एकोणतीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते, तेवढे म्हणाले, "अहो, आजीला सांगायचं नसंल तर राहू द्या की." हा सल्ला आदिनाथरावांना अगदीच बिनकामाचा वाटला.

शेवटी सगळ्यांचं मत एकदाच घ्यावं म्हणून त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'गुप्त क्रांतिकारी मंडळाबाबत महत्त्वाची बैठक रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी. विषय अत्यंत गोपनीय. चहाची सोय आहे.' तो संदेश ग्रुपवरून ग्रुपवर असा फिरला की रविवारी पावणेदहाला दारात एक पोलीस जमादार उभा होता.

जमादार भला माणूस होता. पण वरून चौकशी आली होती, त्यामुळं त्याला कागद भरणं भाग होतं. "क्रांती कोणाच्या विरोधात करून राहिले तुम्ही?" त्यानं विचारलं.

"निजामाच्या!"

"निजाम गेला की हो."

"मी नाही करत, आत्या करत होती!" असं म्हणून आदिनाथरावांनी थेट आत्याकडे बोट दाखवलं. ब्याण्णव वर्षांच्या आत्याला पोलिसाच्या हवाली करणारा भाचा म्हणून दीपमालानं त्यांच्याकडं जे पाहिलं, ते त्यांना पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

आणि मग आदिनाथरावांनी एक गोष्ट पाहिली. दारात खाकी कपडा दिसताच आत्या बदलली. पाठ आणखी वाकली, मान लटलट हलू लागली, डोळ्यांतली ओळख विझली. जमादारानं नाव विचारलं, तिला ऐकू आलं नाही. त्यानं ओरडून विचारलं, तिला मराठीच येईना. "नाकु तेल्वदु, अय्या," ती गरीब आवाजात म्हणाली. मला माहीत नाही, बाबा. बिलोलीच्या पलीकडं सीमा लागून असल्यानं तिला तेलुगू येतं हे आदिनाथरावांना माहीत होतं, पण ती नुसतं तेलुगूच बोलणारी, बहिरी, भ्रमिष्ट म्हातारी कधी झाली हे त्यांना कळलं नाही. जमादारानं दहा मिनिटं प्रयत्न केला, वहीत 'म्हातारीस समज नाही' असं लिहिलं, तिच्या पायाला हात लावला आणि चहा पिऊन गेला.

जिन्यावरचा बुटांचा आवाज थांबला. आत्यानं पाठ सरळ केली आणि सुपातल्या शेंगा पुढं ओढल्या.

एवढा वेळ आदिनाथराव आत्यासाठी पुरावा शोधत होते. आता पुरावा मिळाला होता. असलं काम एका सकाळीत येत नसतं. कधीतरी, पोरवयात, जिवावर बेतलेलं असताना ते शिकावं लागतं. त्यांना एकदम या वाळल्या खारकेसारख्या म्हातारीपुढं आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि ते वाटणं खरं होतं.

बैठकीला मग कोणी फिरकलं नाही, पण पोलीस येऊन गेल्याची बातमी खाली पोचायला वेळ लागला नाही. आनंदराजची आई सरजाबाई उदगीरला धाकट्या मुलाकडं राहायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पंधरा दिवसांपूर्वी नांदेडला आली होती. आनंदराजनं हसत हसत तिला वरच्या मजल्यावरची सगळी कथा सांगितली. वाटोळं, तुटलेली कड, सूर्य, ग्रहण. सरजाबाईनं काळा चष्मा काढला आणि म्हणाली, "मला वर न्या."

आनंदराजनं आणि त्यांची बायको मनिषा हिनं तिला खुर्चीत बसवून जिना चढवला. खुर्ची हॉलमध्ये टेकली. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत राहिल्या.

"केवळे," सरजाबाई म्हणाली.

आत्याला केवळे म्हणणारं माणूस जगात शिल्लक असेल असं त्या घरात कोणालाही वाटलं नव्हतं. सरजाबाईनं लुगड्याचा पदर सारून डावं मनगट पुढं केलं. वाटोळं, आणि एक कड गायब. आत्यानं त्यावर आपला हात ठेवला आणि दोघी आवाज न करता रडल्या.

"तुमच्या आईचं माहेर आमच्याच गावचं?" आदिनाथरावांनी आनंदराजला विचारलं.

"हाव."

"कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी इचारलं न्हाई," आनंदराज म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आत्यानं डोळे पुसले आणि हुकूम सोडला. "दीपमाला, जवारीचं पीठ काढ. भाकर सरजी थापंल. आन ताट मांड."

दीपमालानं काचेचा सेट काढायला घेतला. "ताट म्हणले मी," आत्या म्हणाली. "एक. सगळ्यास्नी मिळून एक."

इथं हॉलमध्ये जी शांतता झाली तिचा अर्थ आदिनाथरावांना पोचायला थोडा वेळ लागला. आनंदराज या घरात चहाला शेकडो वेळा आले होते. कपही तेच, सगळ्यांचे. आदिनाथराव स्वतःला फार सुधारलेला माणूस समजायचे आणि तसं बोलूनही दाखवायचे. पण कचेरीत एकोणतीस वर्षं दोघांनी आपापला डबा आपापल्या टेबलावर खाल्ला होता, आणि या घरात आनंदराजला जेवायला बसा असं कोणी म्हटलेलं नव्हतं. योग आला नाही, असं आदिनाथराव म्हणाले असते, पण एकोणतीस वर्षं योग येत नाही म्हणजे कोणीतरी तो येऊ देत नसतं, आणि ते कोण हे त्यांना त्या क्षणी कळलं.

सरजाबाईनं एकच मोठी भाकरी थापली. ती पितळी परातीत ठेवली. सगळे भोवती बसले. पहिली कोर आत्यानं मोडली, दुसरी सरजाबाईनं, मग आनंदराजनं, मनिषानं, दीपमालानं. आदिनाथरावांनी शेवटची मोडली. पहिली कोर मोडली गेली तेव्हाच त्यांनी परातीत पाहिलं होतं आणि त्यांना चिन्ह ओळखू आलं होतं. सूर्यही नव्हता आणि ग्रहणही नव्हतं.

"आता सांगते," आत्या म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या पुढची दोन वर्षं. गावात निजामाचे हत्यारबंद रझाकार यायचे. निजामाविरुद्ध उठलेली माणसं शिवारात लपलेली असायची. त्यांना भाकरी पोचवायच्या बाया. बारा जणी. टोपल्यातली सगळ्यात वरची भाकरी अख्खी असली, तर गाव मोकळं. तिची कोर मोडलेली असली, तर गावात दुश्मन, पुढं यायचं नाही. टोपलं रस्त्यात कितीही वेळा तपासलं तरी त्यात भाकरीशिवाय काही सापडायचं नाही. या बारा जणींच्या मंडळाची मुख्य होती सरजाबाईची आई. मंडळात घेताना ती एकच परीक्षा घ्यायची. आपल्या घरात बोलवायची, आपल्या हातची एक भाकरी मधे ठेवायची आणि म्हणायची, मोड.

"पाटलाच्या लेकीनं म्हारवाड्यात भाकर खायची, त्या काळात," आत्या म्हणाली. "आबाला कळलं असतं तर रझाकाराच्या आधी त्यानंच मला आडात ढकललं असतं. सरजीची माय म्हणायची, जिला घरच्याचं भ्याव न्हाई, तिला निजामाचं काय आलंय."

"पण आत्या, आता इतकी वर्षं झाली. मला तरी सांगायचं!"

"रीत होती. एका ताटात भाकर मोडल्याबिगर सांगायचं न्हाई. मी सत्तावीस वर्षं झाली तुझ्या घरात हाय, आदिनाथा." आत्याच्या आवाजात राग नव्हता. "कवा मांडलंस असं ताट?"

बोलण्यात कधी न हरलेला तो माणूस परातीकडं बघत बसला.

शपथेचा दुसरा भाग होता तो आणखी कडक. नाव कागदावर आणायचं नाही, कधीच. शेजारच्या गावात एका शिकलेल्या पोरानं हौसेनं साथीदारांची यादी वहीत लिहिली होती. ती वही सापडली आणि सात जण एका दिवसात गेले. त्या दिवसापासून कागद बंद. (म्हणूनच वाचकांनी बिलोलीकडं जाऊन चौकशी करू नये. इथं आलेली नावं सगळी बदललेली आहेत.)

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी नरसिंग कारकुनाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. त्यानं जुनी परिपत्रकं चाळून वाट शोधून काढली होती. कागद नसतील तर कारकुनानं घरी जाऊन तोंडी माहिती लिहून घेतली तरी चालत होतं. रकाना सात, आठ, नऊ सगळे माफ. "रविवारी येतो. नावं तेवढी सांगा, मंजूर झालंच म्हणून समजा."

आदिनाथरावांनी फोन ठेवला आणि डोकं धरलं. दोन महिने जे दार ठोठावलं ते आता उघडलं होतं, आणि त्यांच्या तोंडाला कुलूप बसलं होतं.

नरसिंग आला. अर्ज, पॅड, दोन पेनं. आत्यानं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "जेवलास का रं?"

"न्हाई, आज्जी. पण आधी काम..."

"प्यान ठिव तिकडं. हात धू."

खालून आनंदराज आणि सरजाबाई आले. परात मांडली गेली. नरसिंगनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि कोर मोडली. दोन तासांनी तो उठला तेव्हा डोळे लाल होते. बारा नावं त्याला पाठ झाली होती. त्यानं पेन उचललं, अर्जावर धरलं आणि तसंच धरून राहिला. मग त्यानं सगळ्या रकान्यांवरून एक तिरकी रेघ मारून लिहिलं: 'माहिती उपलब्ध नाही.'

"बावीस वर्षं नोकरी झाली," दारात चपला घालताना तो आदिनाथरावांना म्हणाला. "पहिल्यांदा खोटं लिहून राहिलो. आन लई बरं वाटून राहिलं."

आदिनाथरावांना मात्र बरं वाटत नव्हतं. मान झाला होता, शपथ पाळली गेली होती, सगळं खरं. पण फलकावर नाव नव्हतं येणार.

सतरा सप्टेंबरला सकाळी आनंदराजच्या गाडीतून दोन्ही म्हाताऱ्यांना घेऊन ते गावी गेले. शाळेसमोर झेंडा चढला, पोरांनी गाणं म्हटलं, पाहुण्यांनी फलकावरचा कपडा ओढला. काळा दगड, सोनेरी अक्षरं, नऊ नावं. लोक पांगल्यावर आत्या सरजाबाईचा हात धरून फलकापाशी गेली.

"वाच," ती म्हणाली.

आदिनाथरावांनी एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावावर आत्या सरजाबाईकडं बघायची आणि सरजाबाई मान हलवून नाही म्हणायची. नववं नाव झालं.

"संपली?"

"संपली."

"आमच्यातली एक बी न्हाई?"

"एकही नाही, आत्या," आदिनाथराव म्हणाले.

आत्यानं सरजाबाईच्या हातावर जोरात चापट मारली. तिचा चेहरा पंधरा वर्षांच्या पोरीसारखा उजळला होता. "बघ, सरजे! बाराच्या बारा! सत्त्याहत्तर साल झाले, एक नाव फुटलं न्हाई!"

दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या. दोघींच्या मिळून एकशे त्र्याऐंशी वर्षांना झेपेल त्यापेक्षा जास्त हसल्या, इतक्या की आनंदराज पाण्याची बाटली घेऊन धावले. आदिनाथराव त्या काळ्या दगडाकडं बघत राहिले. ज्या मंडळाचं नाव तिथं नाही, त्या मंडळानं आपलं काम किती चोख केलं, हे त्यांना आत्ता दिसत होतं.

म्हाताऱ्या का हसतात हे बघायला सरपंच जवळ आला. "काय हो," त्यानं आदिनाथरावांना विचारलं, "तुमच्या घरचं कोणी होतं का ह्यात?"

"नाही," आदिनाथराव म्हणाले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यापुढं एक शब्दही बोलले नाहीत.